लाल रेघ विहिरीवरून गेली!

पोट कमी करणं म्हणजे काय अवघड आहे? एक स्मार्टफोन आणि एक बुटांचा जोड, बस्स! असं मी बायकोला, म्हणजे प्रतिभाला, छातीठोकपणे सांगितलं. शिरूरला सरकारी कचेरीत मी कारकून. बसून बसून पोट इतकं सुटलंय की फाईल ठेवायला वेगळं टेबल लागत नाही!

शनिवारी सकाळी फोनमधलं चालण्याचं ॲप सुरू केलं. आपण चालू तशी नकाशावर लाल रेघ उमटत जाते! डांबरी रस्त्यावर कंपनीच्या बसगाड्या अंगावर येतात, म्हणून मी बांधाबांधानं निघालो. फोनकडे बघत, मध्येच थांबत, पुन्हा चालत. घरी येऊन तो नकाशा अभिमानानं गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'सुरुवात झाली! रोज थोडं थोडं पुढं नेणार!'

एकानंही लाईकचा अंगठा टाकला नाही. वाईट वाटलं हो!

रविवारी निघालो तर शेजारच्या रानातला ज्ञानदेव कांद्याच्या वाफ्यात आंब्याची रोपं लावत होता. हातभर अंतरावर एक!

"अरे, कांद्यात आंबे?"

"भाऊसाहेब, तुम्ही काय बघितलं न्हाई," तो डोळा मारत म्हणाला. "झाडं लई जुनी हायती!"

मला काही कळेना. पुढच्या वस्तीवर जाईबाईंनी बळंच चहा पाजला. वर म्हणाल्या, "वाईच आमच्या पडीक रानातनं बी रेघ न्या की!" माझ्या व्यायामाची गावाला एवढी काळजी! मी तर भारावूनच गेलो.

संध्याकाळी हौसराव आबा दारात. मागे निम्मं गाव. आबांच्या नव्या विहिरीला यंदाच पाणी लागलं, तेव्हा म्हातारा पोरासारखा नाचला होता. आता चेहरा पार उतरलेला.

"भाऊसाहेब, तुमची रेघ माझ्या हिरीवरनं गेलीया. कालधरनं घास उतरंना. वाईच वळवा."

"आबा, मी विहिरीला वळसा घालून गेलो होतो!"

"मग ह्ये काय?"

त्यांनी फोन पुढे केला. खरंच की! रेघ उसात शिरून थेट विहिरीवरून पलीकडे! मी विहिरीवरून चाललो? कधी?

प्रतिभानं कपाळावर हात मारला. "अहो, उसात सिग्नल गेला असेल. ॲप आपलं दोन टोकं जोडून मोकळं!"

"त्ये ऱ्हाऊ द्या," ज्ञानदेव म्हणाला, "हायवे कुठनं जाणार त्ये सांगा!"

"कुठला हायवे?"

"आता! सरकारी माणूस बांधानं मोजत हिंडतो, नकाशा टाकतो, आन् कुठला हायवे म्हंजी? झाडांचा मोबदला येगळा मिळतो म्हणून मी रातच्याला नर्सरीवाल्याला उठवून रोपं आणली!"

आत्ता डोक्यात उजेड पडला! "अरे, मी व्यायाम करत होतो!"

"व्हय, व्हय! सरकार आधी कवा खरं सांगतंय?"

आबांच्या डोळ्यांत पाणी आलं. शेवटी मी लाज सोडली आणि सगळ्यांसमोर शर्ट वर केला!

"आबा, आईशप्पथ! हे कमी करायला चालतोय!"

आबांनी चष्मा नीट केला, वाकून डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं, आणि त्यांचा चेहरा खुलला.

"माणूस खरं बोलतोय रं! प्रतिभा, भाकरी हाय का? लई भूक लागली."

ज्ञानदेव तोंड पाडून निघून गेला. जाईबाई मात्र जाता जाता थांबल्या, माझ्या पोटाकडे पुन्हा एकदा बघितलं आणि म्हणाल्या, "हायवे हुईल एकवेळ. ह्ये काय कमी न्हाई व्हायचं!"