लष्कराच्या खर्चाने चष्मा

चष्म्यासाठी खिशात हात घालणारा माणूस मी नव्हे, हे आधीच सांगून ठेवतो. तुम्ही घालत असाल तर घाला बापडे! बाकीचे लोक जन्मभर लष्कराच्या भाकऱ्या भाजतात. मी उलट लष्कराकडूनच चष्मा वसूल करणार होतो. बेत असा बिनतोड होता की तो सुचल्यावर मी स्वतःची पाठ थोपटायला गेलो आणि खांद्यात उसण भरली.

गोष्ट त्र्याहत्तर सालच्या दिवाळीनंतरची. मी तेव्हा कोरेगावला खरेदी-विक्री संघात कारकून होतो. माझा नंबर जबरदस्त. चष्मा काढला की समोरचा माणूस आहे की ज्वारीचं पोतं, हे ते बोलेपर्यंत कळत नसे. तो चष्मा मी एका दुपारी घाम पुसायला म्हणून खताच्या पोत्यावर ठेवला आणि हमालानं त्यावर दुसरं पोतं ठेवलं. एक काच गेली, एक वाचली. फुटक्या बाजूला मी काडेपेटीचा पुठ्ठा कापून बसवला आणि एका डोळ्यानं संघाचा कारभार हाकू लागलो.

साताऱ्याला जाऊन एका दुकानात नव्या चष्म्याची चौकशी केली. दुकानदारानं सांगितलेली किंमत ऐकून मी त्याला विचारलं की यात डोळेपण नवे मिळतात का. तो हसला नाही. मीही हसलो नाही. पुढची गाडी धरून परत आलो.

घरी येतो तर मेहुणा हजर! सयाजी, माझ्या बायकोचा धाकटा भाऊ, मिलिट्रीत ड्रायव्हर. आई-बाप लवकर गेल्यामुळे विजयमालेनं, म्हणजे आमच्या हिनं, त्याला आपल्याच घरी वाढवलेला. सुट्टीवर आला होता तो लग्न ठरवायला. कुपवाडच्या कोंडीबांची शालू त्यानं जाऊन पाहिली होती आणि तेव्हापासून त्याचं जेवणात लक्ष नव्हतं. आमटीत पाणी ओतून घ्यायचा आणि चांगली झालीय म्हणायचा. आता कोंडीबा आमचं घर बघायला येणार होते. त्यांनी होकार दिला की सुपारी फुटणार. नकार दिला तर सयाजीचं काही खरं नव्हतं, एवढं आम्हा सगळ्यांना दिसत होतं. मलासुद्धा, चष्म्याशिवाय.

बोलता बोलता सयाजी सांगून गेला की त्यांच्या एका जवानाला नीट दिसेना, तर मिलिट्रीच्या दवाखान्यात डोळे तपासून फुकट चष्मा दिला. फुकट! माझा हात भाकरीवरच थांबला. बेत तिथल्या तिथे तयार झाला. सयाजीनं पलटणीत परत गेल्यावर सांगायचं की आपल्याला दिसत नाही. तिथं मिळेल तो चष्मा मला पाठवायचा. काम फत्ते!

अडचण एकच होती. सयाजीचे डोळे घारीचे. नदीपल्याडच्या बाभळीवर बसलेला पक्षी कुठला, हे तो अल्याड उभा राहून सांगायचा. शिवाय चष्मा नेमका माझ्याच नंबरचा मिळायला हवा. पण कारकुनाची अक्कल काय स्वस्त असते? मी माझा तो एक काच, एक पुठ्ठा असलेला चष्मा त्याच्या नाकावर चढवला आणि समजावलं.

"ह्या काचंतनं किती धूसर दिसतंय, ते पक्कं ध्यानात ठेव. डाक्टर काचा बदलत बदलत विचारंल, आता कसं दिसतंय? जवा असंच धूसर दिसंल, तवा म्हनायचं, साहेब, आता लख्ख दिसतंय."

"दाजी, डोकं हाय बगा तुमाला," सयाजी म्हणाला. माझ्याकडे तोंड करून म्हणाला असता तर जास्त बरं वाटलं असतं. तो हे बोलला तेव्हा त्याचं तोंड चुलीकडे होतं.

तेव्हापासून शिक्षण सुरू झालं. मी संघातून घरी आलो की चष्मा सयाजीला द्यायचो आणि तो घरभर हिंडायचा. म्हशीच्या आंबोणाच्या घमेल्यात पाय घालायचा, उंबऱ्याला अडखळायचा, बहिणीला सोडून शेजारच्या तानुबाईंकडे जेवण मागायचा. मी त्याला बजावून ठेवलं होतं की मिलिट्रीचा डॉक्टर लय बेरकी असतो. गोड बोलून विचारेल, हे काय दिसतंय का, ते काय दिसतंय का. कुणीही, काहीही विचारलं तरी दिसत नाही म्हणायचं. सयाजी शिस्तीचा माणूस. हुकूम म्हणजे हुकूम. विजयमाला कपाळाला हात लावून म्हणाली की पाहुणे यायच्या आत हे खूळ बंद करा. मी म्हणालो, पाहुणे उद्या यायचेत, आजचा दिवस आपला आहे.

कारण आज परीक्षा होती! दवाखान्यातले नानासो कंपाउंडर माझ्या ओळखीचे. त्यांना मी गळ घातली होती की दुपारी येऊन सयाजीची डॉक्टरसारखी उलटतपासणी घ्या. विजयमाला उद्याच्या पाहुणचाराचं सामान आणायला बाजारात गेली. सयाजी आत चष्मा लावून सराव करत होता आणि मी बाहेर ओसरीवर बिनचष्म्याचा बसलो होतो. ही मांडणी जरा नीट लक्षात घ्या. त्याला चष्मा होता म्हणून दिसत नव्हतं आणि मला नव्हता म्हणून दिसत नव्हतं. एवढ्या मोठ्या घरात दिसणारं असं फक्त मांजर होतं.

इतक्यात दारात एक पांढरी टोपी आली. पांढरा सदरा, हातात चौकोनी डबा, मागे पांढऱ्या लुगड्यात एक बाई. नानासो कंपाउंडर, काचांची पेटी आणि मदतीला नर्स! माणसानं इतकं मन लावून काम करावं, याचं मला कौतुक वाटलं.

"रामराम," टोपी म्हणाली. "आमी आलो. मुलगा हाय न्हवं घरात?"

घसा बसलेला दिसतोय नानासोंचा, असं मला वाटलं.

आता तुम्हाला सांगायला हरकत नाही की ते कोंडीबा होते आणि ती नर्स म्हणजे त्यांची विधवा बहीण हरणाबाई. कुपवाडच्या कारखान्यातला टेम्पो माल घेऊन साताऱ्याला निघाला होता. एसटीचं भाडं वाचतंय म्हणून ते एक दिवस आधीच त्यात बसून आले होते. डब्यात पेढे होते. पण हे मला कुणी सांगायचं? मांजरानं?

मी त्यांना बसवलं आणि म्हणालो, चहा मागाहून, आधी मुलाला तपासा.

"तपासायचं काय त्यात?" कोंडीबा संकोचून म्हणाले. "आमचा इस्वास हाय तुमच्यावर."

"इस्वासावर जाऊ नका. चांगला कसून तपासा. मागनं कुनी नाव ठिवाय नको." मी आत हाक मारली. "सयाजी, ये रं भाईर. आली बग ती मानसं."

सयाजी आला. दोन्ही हात पुढे धरून आला. वाटेत पाण्याचा तांब्या उडवला, खांबाला खांदा घासला आणि खुंटीवरच्या माझ्या कोटाला खणखणीत सलाम ठोकला. माझी छाती अभिमानानं फुगली. कोंडीबा उठून उभे राहिले असावेत, कारण पांढरी टोपी वर गेली.

मी त्यांना बोटं दाखवायला सांगितलं. बिचाऱ्यांनी दाखवली. सयाजीला विचारलं, बोटं किती?

"बोटं?" सयाजी म्हणाला. "मला हातच दिसत न्हाई, साहेब."

मी टाळी वाजवली. मग त्या बाईंनी हळूच विचारलं, "ह्ये असं कवापासनं म्हनायचं?"

"चार दिसांपासनं," मी म्हणालो. "आधी ह्येला घारीवानी दिसायचं. ह्यो जो आंधळा झालाय, ती समदी माझी मेहनत हाय."

"आनि..." कोंडीबांचा आवाज खरंच बसला होता आता. "पोरीकडच्यांना ठावं हाय ह्ये?"

"त्यास्नी कशाला सांगायचं? त्यांचा काय संबंध? लगीन लागून जाऊ द्या, मग कळंना का."

टोपी दाराकडे सरकली. लुगडं तिच्या मागे सरकलं. कोंडीबांनी पेढ्यांचा डबाही उचलला. मी मागून ओरडून विचारलं की मुलगा पास झाला का. उत्तर आलं नाही. नानासोंना दवाखान्यात घाई असेल, म्हणून मी मनावर घेतलं नाही. सयाजीला शाबासकी दिली. दोघं आनंदात बसलो.

थोड्या वेळानं विजयमाला आली. पिशवी तिनं ठेवली नाही, आपटली.

"आवं, कोंडीबा पाव्हनं वाटंत भेटलं. माझ्या तोंडाकडं बगंनात. हरणाबाई म्हनल्या, आंधळं पोरगं आमच्या गळ्यात बांधत हुता व्हय? असं काय केलंसा तुमी?"

मी म्हणालो, ते तर उद्या येणार आहेत. आत्ता आले होते ते नानासो. तेवढ्यात दारातून नानासोंचा खरा आवाज आला की उशीर झाला, माफ करा, कुठाय तुमचा तो जवान?

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. सयाजीला समजायला एक क्षण जास्त लागला आणि समजलं तेव्हा तो गडी मटकन खाली बसला. "दाजी, शालू गेली," एवढंच म्हणाला. मला स्वतःच्या मुस्कटात मारून घ्यावंसं वाटलं. विजयमालेला मात्र माझ्या नाही, चष्म्याच्या मुस्कटात मारावंसं वाटलं. तिनं तो भावाच्या नाकावरून ओढला आणि फरशीवर आपटला. राहिलेली काचही गेली.

मी तसाच स्टँडवर पळालो. वाटेत एका गाढवाला बाजूला व्हा म्हणालो. स्टँडवर पांढरी टोपी दिसली, तसे मी तिचे दोन्ही हात धरले आणि एका दमात सगळं ओकलो. चष्मा माझा आहे, आंधळा मी आहे, मिलिट्रीचा चष्मा फुकट मिळतो म्हणून पोराला मुद्दाम आंधळं व्हायला शिकवलं, त्याचे डोळे सोन्यासारखे आहेत, पोरगी द्या, मी पाया पडतो.

टोपीनं शांतपणे ऐकून घेतलं. "पडू नका," ती म्हणाली. "मी शेंगा इकतो. आनि मला पोरगीच न्हाई."

मागून कुणीतरी खाकरलं. कोंडीबा आणि हरणाबाई शेजारच्याच बाकावर बसले होते. सगळं ऐकलं होतं त्यांनी. कोंडीबांचा राग निवळल्यासारखा वाटला, पण हरणाबाई हटेनात. म्हणाल्या, बोलाय काय लागतंय, पोराला दिसतं कशावरनं?

तोवर सयाजी आणि विजयमाला धापा टाकत पोचले होते. सयाजीनं एकदा रस्त्याकडे पाहिलं. दूर वळणावर धुळीचा लोट उठला होता, तेवढाच लोकांना दिसत होता. मला तोही नाही.

"मिरज गाडी हाय," सयाजी म्हणाला. "टपावर सायकल बांधलीया. सायकलला मागलं चाक न्हाई."

गाडी येऊन उभी राहिली. मिरजेचीच. लोकांनी माना वर केल्या. टपावर सायकल होती आणि तिला मागचं चाक नव्हतं! शेंगावाल्यानंच आधी टाळ्या वाजवल्या. कोंडीबांनी सयाजीला मिठी मारली. हरणाबाईंनी मात्र मोर्चा माझ्याकडे वळवला.

"दाजी, एक सांगा. मिलिट्रीच्या डाक्टरनं ह्येला आंधळा ठरवला असता, तर मोटार चालवाय कुनी दिली असती? नोकरी गेल्यावर आमची शालू काय तुमचा चष्मा चाटत बसली असती?"

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. खरंच सांगतो, नव्हतं! विजयमाला माझ्याकडे कशी बघत होती ते मला दिसलं नाही, हे त्या दिवसातलं एकमेव सुख. मी मान खाली घातली. सयाजीनं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि मला जास्तच लाज वाटली.

गाडीत चढताना कोंडीबांनी पेढ्यांचा डबा विजयमालेच्या हातात दिला. मग मला बाजूला ओढून हळूच विचारलं, "पन दाजी, फुकट मिळतोय ती खरं का? न्हाई, मलाबी हल्ली पेपर लांब धरावा लागतोय." आणि जाता जाता सांगून गेले की लग्नात दाजींचा मान आम्ही जन्मभर लक्षात राहील असा करू. मी मनातल्या मनात जरीच्या फेट्याचं माप दिलं.

लग्न कुपवाडला झालं. मानपानाच्या वेळी लाऊडस्पीकरवरून माझं नाव पुकारलं गेलं, कोंडीबा पुढे झाले आणि भर मांडवात त्यांनी माझ्या नाकावर एक सोनेरी काड्यांचा चष्मा चढवला! सांगलीच्या बाजारात जमिनीवर चष्म्यांचा ढीग घालून बसणारा एक जण असतो, त्याच्याकडून घासाघीस करून आणलेला. माझा नंबर त्यांना ठाऊक नव्हता. पण माणूस काळजीचा. ढिगातला एकेक चष्मा स्वतःच्या डोळ्यांना लावून बघितला आणि ज्यातून त्यांना लख्ख दिसलं तो माझ्यासाठी घेतला.

मानाचा आहेर काढून कसा ठेवणार? व्याही नाराज झाले असते. मी तो लावूनच लग्न काढलं. अक्षता बँडवाल्यावर टाकल्या. हरणाबाई समजून पाण्याच्या पिंपाच्या पाया पडलो. फोटोत सगळे कॅमेऱ्याकडे बघतायत आणि मी एकटा मांडवाच्या खांबाकडे बघून प्रसन्न हसतोय.

तो फोटो शालूनं काच घालून भिंतीवर लावलाय. पोरगी गुणाची आहे. घरी कुणी आलं की एकेकाची ओळख करून देते, आणि माझ्यापाशी आली की आवाज खाली आणून सांगते, "ह्ये आमचं दाजी. बिचाऱ्यास्नी अजिबात दिसत न्हाई. पन लग्नाआदी आमच्यापास्नं कायसुदिक लपवलं न्हाई हो त्यांनी."