वाणातलं केंदाळ

शिवयोगी मास्तरांनी परसातल्या टाक्यात तिसऱ्यांदा मोजलं, तरी रोपं नऊच भरली. आठ दिवसांपूर्वी माढ्याला बहिणीकडे जाताना अठ्ठावीस होती.

"काय हुडकताय?" अंबुबाईंनी चुलीपासून विचारलं.

"केंदाळ! कुठं गेलं?"

"मीच लुटलं की. संक्रांतीचं वाण. एकवीस बायकांना एकेक रोप."

"म्हणजे सात उरली, त्यांची नऊ झाली," मास्तरांच्या तोंडून सवयीनं निघालं. मग एकवीस हा आकडा त्यांच्या डोक्यात शिरला.

मास्तर हायस्कुलात शास्त्र शिकवत. पाण्यावर पसरणाऱ्या, जांभळ्या फुलांच्या या केंदाळानं बंगालात नद्या बुजवल्या, नावा अडवल्या, हे त्यांनी वाचलं होतं. ते सोलापुरात यायच्या आधी लोकांना सावध करावं, म्हणून त्यांनी पुण्याहून एक रोप डब्यातून आणलं, त्याची किती होतात ते वहीत टिपलं. उद्या नगरपालिकेच्या सभेत ते बंदीची मागणी करणार होते. पहिलं वाक्य पाठ होतं : 'सुदैवाने सोलापुरात हे रोप फक्त माझ्या टाक्यात आहे.'

"अगं, केंदाळ कुणी वाण देतं?"

"गेल्या साली कंगवे दिले, तर म्हाळसाबाई चारचौघींत म्हणाल्या, 'मास्तरणीचा हात लई आखडता.' यंदा समद्यांनी नावाजलं. आन तुमी तर जादाची रोपं जाळताच की."

"परत मागून आण."

"दिलेलं वाण?" अंबुबाईंचा आवाज चढला. "मला पेठेत ऱ्हायचंय अजून."

मास्तर स्वतःच निघाले. शेजारच्या म्हाळसाबाईंनी त्यांना आडाजवळ नेलं. "बगा, एकाची दोन झाली! घंगाळात मावंना, म्हणून आडात सोडली. लई गुणाचं रोप. गोजरबाईनं तर तिच्या लेकीला दिलं, ती माढ्याला घेऊन गेली."

रोप मागायला गेलेले मास्तर तिळगूळ खाऊन परतले.

दुसऱ्या दिवशी सभेत शिरताच ते थबकले. अध्यक्षांसमोर पितळी वाटीत केंदाळ फुललं होतं. अध्यक्ष हिंदुराव हायस्कुलाच्याही मंडळावर होते. मास्तरांची नोकरी त्यांच्या हातात होती.

"बोला मास्तर," हिंदुराव जांभई देत म्हणाले. "पाण्यातल्या पाल्याला कोण भितंय म्हणा. ते ओळखायचं तरी कसं?"

मास्तरांनी वाटीकडे बोट केलं.

"हे? हे आमच्या घरात वाणातून आलंय!"

"माझ्याच घरातून." मास्तर म्हणाले. "मी टाक्यात सांभाळलेलं. आठ दिवसांत एकवीस घरी गेलं, एका आडात उतरलं आणि एक माढ्याला पोचलं. चूक माझी आहे. नोकरीचं काय ते तुम्ही ठरवा."

हिंदुरावांची जांभई पळाली. "सांभाळलेलं माढ्याला गेलं? मग मोकळं सोडलेलं कुटं जाईल! ठराव लिवा. आन मास्तर, घरांची यादी द्या."

मास्तरांनी वही उघडली. पानांची लांबी होती, पाण्याची उष्णता होती, घर एकही नव्हतं.

यादी अंबुबाईंनी दिली, तोंडपाठ, कोण कुणाशेजारी बसली होती त्या क्रमानं. पण शिपाई पाठवू दिला नाही.

"वाण मागायला शिपाई? बायका दारात उभा करतील व्हय त्याला? थांबा." त्यांनी घरोघर निरोप धाडला : रथसप्तमीला पुन्हा हळदीकुंकू आहे, वाण बदलून देणार, येताना रोप आणि त्याची पिलावळ घेऊन या.

सगळ्याजणी आल्या. गोजरबाईंची लेकही माढ्याहून आली. मास्तर परसात मोजत होते. त्रेचाळीस. शेवटचं रोप म्हाळसाबाईंच्या आडातलं. ओसरीवर अंबुबाई बदलीचं वाण वाटत होत्या. इतक्या थोड्या दिवसांत दुसरं काय मिळणार? कंगवे.

म्हाळसाबाईंनी कंगवा उलटसुलट करून पाहिला. "मास्तरणीचा हात काय सुटत न्हाय बाई!"

बायका हसल्या. मास्तर ताडकन उठले. "म्हाळसाबाई, ऐका, हिनं..."

"अहो," अंबुबाईंनी ओसरीवरूनच दटावलं, "तुमी मोजा."