वीतभर नमुना, मोफत

मीटरकाकांनी कापड ऑनलाइन विकायचं ठरवलं ते कापड विकलं जावं म्हणून नव्हे, मेहुण्याचं तोंड बंद व्हावं म्हणून. (मेहुण्याचं तोंड बंद करणं हा त्यांच्या आयुष्यातला सगळ्यात जुना आणि सुरुवातीपासून तोट्यात चाललेला उद्योग होता.)

त्याचं असं झालं. मेहुण्याचं मोबाइलच्या कव्हरांचं दुकान जोरात चाललं होतं आणि त्याला जागा पुरत नव्हती. शेजारच्याच गल्लीतल्या मीटरकाकांच्या कापडदुकानात जागाच जागा होती, कारण गिऱ्हाईक नव्हतं. एका रविवारी मेहुणा जेवायला आला आणि हात पुसता पुसता सहज म्हणावं तसं म्हणाला, "भाऊजी, दुकान मला द्या. घरी बसून भाडं घ्या. कापड आणून शिवून घालतो कोण हल्ली?"

"मामा चुकीचं नाही बोलत, बाबा," मुलगी म्हणाली.

काकू काहीच बोलल्या नाहीत. एरवी मिठाच्या बरणीच्या जागेवरूनही त्या अर्धा तास बोलत. त्यामुळे त्यांचं गप्प राहणं काकांना फार लागलं.

"तीन महिने!" काका ताडकन उभे राहिले. "तीन महिन्यांत ह्याच कापडावर दुकान उभं करून दाखवतो. तुझ्या त्या मोबाइलवरूनच विकून दाखवतो. नाही जमलं तर चौथ्या महिन्याच्या एक तारखेला दुकानाची पाटी मी माझ्या हाताने उतरवीन!"

आता 'मीटरकाका' हे काही त्यांच्या आईवडिलांनी ठेवलेलं नाव नव्हे. ते बाजाराने ठेवलं होतं. एकतीस वर्षांपासून त्यांच्या दुकानात तीन पाट्या होत्या. एक, 'भाव एकच.' दुसरी, 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही.' आणि तिसरी, 'एक मीटरच्या आत कापड फाडले जाणार नाही.' कुणी बिचारी खिशाच्या अस्तरासाठी "काका, वीतभरच द्या ना" म्हणाली की काका पितळी मीटरपट्टी काउंटरवर खणकन आपटत. "वीत कुणाची? तुमची की माझी? वीत ज्याची त्याची वेगळी असते. मीटर सगळ्यांचा सारखा!" ती बाई पुन्हा येत नसे. पण तत्त्व शाबूत राही.

मुलगी बँकेत होती, त्यामुळे तिला तक्ते करायची सवय. तिने तीन साइटी शोधल्या आणि कागदावर रकाने आखून दिले. कमिशन किती, गिऱ्हाईक किती, माल पोचवायचा कुणी, माल परत आला तर काय. काकांनी चष्मा लावून फक्त शेवटचा रकाना वाचला.

पहिली साइट सगळ्यात मोठी. तिथे सुईपासून सोफ्यापर्यंत सगळं मिळे, आणि तीस दिवसांत कारण न विचारता परतही जाई.

"कारण न विचारता?" काका ओरडले. "तीस दिवसांत माणूस शर्ट शिवेल, घालेल, चार लग्नं जेवेल आणि डाग पाडून परत करील! थांब, मीच विचारतो त्यांना." आणि त्यांनी मदतकेंद्राला फोन लावला.

"नमस्कार सर, मी आपली काय मदत करू शकते?"

"तुम्ही कधी पॉपलिनला हात लावलाय?"

"सर, कृपया ऑर्डरचा नंबर सांगा."

"ऑर्डर नाहीये हो. मी विकणारा आहे. मलमल आणि पॉपलिन ह्यांतला फरक तुमच्यापैकी कुणाला तरी कळतो का, एवढंच विचारतोय."

"मालात फरक आढळल्यास तीस दिवसांत परत करता येईल, सर."

काकांनी फोन आपटला. (मोबाइल आपटायचा नसतो, हे त्यांना त्या दिवशी कळलं. नवी काच मेहुण्याकडूनच बसवून घ्यावी लागली आणि त्याने वर एक कव्हरही खपवलं.)

दुसरी साइट फॅशनवाल्यांची. तिथे तागा नुसता ठेवून चालत नसे, कुणीतरी कापड अंगावर घेऊन हसतानाचा फोटो लागे. काकूंनी साफ नकार दिला. मुलगी कामावर निघून गेली. शेवटी काकांनीच गुलाबी फुलांचं कापड खांद्यावरून घेतलं, स्टुलावर बसले आणि कॅमेऱ्याकडे पाहून हसले. साइटने दहा मिनिटांत फोटो नाकारला. 'उत्पादन आकर्षक पद्धतीने मांडावे' असं कारण दिलं होतं. उत्पादन म्हणजे कापड की आपण, हे विचारायच्या भानगडीत काका पडले नाहीत.

राहिली तिसरी. ती लहान होती, पण फक्त कापडाची होती. आणि तिथे माल परत घ्यायचा की नाही हे विकणाऱ्याने ठरवायचं होतं.

"हीच!" काका म्हणाले.

"बाबा, इथे गिऱ्हाईक कमी आहे. शिवाय एक अट आहे, वाचा तरी. प्रत्येक कापडाचा नमुना फुकट द्यावा लागतो. टपालखर्च साइट करते, पण कापड आपलं."

"मग त्यात काय? कापड हाताला लागल्याशिवाय घेणारा माणूस शहाणा नव्हे. मी तर म्हणतो, ही साइट कुणातरी जाणत्या माणसाने काढलेली आहे."

फॉर्म भरताना मेहुणा शेजारीच बसला होता, हेच घात करून गेलं. 'नमुन्याचा आकार' असा रकाना आला. मुलगी म्हणाली, "दोन बोटांचा लिहा. सगळे तेवढाच देतात."

"दोन बोटं?" काकांनी मेहुण्याकडे तिरका कटाक्ष टाकला. "दोन बोटांत पोत कळेल, पण फूल अर्धंच दिसेल. चांगलं वीतभर लिही. चौकोनी."

"आणि एका गिऱ्हाइकाला जास्तीत जास्त किती नमुने?"

"मर्यादा घाला हो भाऊजी," मेहुणा म्हणाला. "लोक काय, फुकट म्हटलं की..."

तो 'घाला' म्हणाला नसता तर काकांनी कदाचित पाच लिहिले असते. "मर्यादा घालणारे दुसरे!" ते गरजले. "लिही, अमर्याद!"

पहिले सहा दिवस काहीच झालं नाही. सातव्या दिवशी मोबाइल वाजला. मग पुन्हा वाजला. संध्याकाळपर्यंत तो एवढ्या वेळा वाजला की काकांनी मुद्दाम दुकानाचं दार उघडं ठेवलं, म्हणजे आवाज शेजारच्या गल्लीत जावा. सगळ्या मागण्या नमुन्यांच्या होत्या. काका दातेरी कडांची कात्री घेऊन बसले आणि एकेक वीत कापू लागले. (दातेरी अशासाठी की दोरे सुटू नयेत. फुकट द्यायचं तरी नीट द्यायचं.) प्रत्येक तुकड्याच्या मागे निळ्या खडूने ताग्याचा नंबर, सोबत स्वतःच्या अक्षरात चिठ्ठी, 'पहिल्यांदा गार पाण्यात धुवावे.' एकतीस वर्षं मीटरच्या आत कात्री न लावलेला माणूस एकेका दिवशी पाच-सहा वीतभर तुकडे कापत होता आणि वर शीळ घालत होता. नमुना म्हणजे काही माप नव्हे, असं त्यांनी स्वतःला समजावलं होतं.

तिसऱ्या आठवड्यात मुलीने यादी पाहिली आणि डोक्याला हात लावला. "बाबा, ह्यातले बहुतेक सगळे नमुने एकाच पत्त्यावर गेलेत. 'शिवणवर्ग, पहिला मजला.' हे एकच गिऱ्हाईक आहे!"

"एकच असलं तरी चोखंदळ आहे," काका म्हणाले. "घाईने घेणारं गिऱ्हाईक कुणाला हवंय? आणि वर्ग आहे तो. वर्गाला एकमत करायला वेळ लागतो."

"त्या वर्गाच्या बाईने अभिप्रायही लिहिलाय. 'नमुने अतिशय सुंदर. कापड अद्याप घेतलेले नाही.'"

"बघ! 'अद्याप' म्हणतेय. म्हणजे मनात आहे."

दोन महिने संपले, तिसराही संपत आला. एकशे चौदा नमुने गेले आणि कापड एक मीटरही विकलं गेलं नाही. काकांची शीळ केव्हा बंद पडली ते त्यांचं त्यांनाही कळलं नाही. पण नमुने पाठवायचे मात्र त्यांनी थांबवले नाहीत. मेहुण्याने विचारलं की ते म्हणत, "जोरात आहे!" आणि नमुने खरोखरच जोरात होते.

अखेर तीस तारखेला मेहुणा टेप घेऊन दुकानात आला. काउंटर कुठे बसेल, काचेची कपाटं कुठे, म्हणून भिंती मोजू लागला. काकू डबा घेऊन आल्या होत्या, त्याही थांबल्या. मेहुण्याने ताग्यांच्या मांडणीला टेप लावली तेव्हा काकांना फार वाईट वाटलं. त्या फळ्या त्यांनी लग्नाच्या वर्षी स्वतः रंधा मारून बसवल्या होत्या. पण तसं म्हणतील तर ते काका कसले. ते एवढंच म्हणाले, "टेप सरळ धर. दोन बोटं खाल्लीस."

तेवढ्यात कुरिअरवाला आत आला. पार्सल काकूंच्या नावाचं होतं.

"अहो, पलंगपोस मागवलाय," काकू म्हणाल्या. "त्याच तुमच्या साइटवरून. म्हटलं, आपल्या साइटला आपण हातभार लावायला नको का?"

काकांनी पार्सल फोडलं आणि पलंगपोस काउंटरवर झटकून पसरला. लहान लहान चौकोनी तुकडे जोडून शिवलेला, रंगीबेरंगी, नजर ठरू नये असा. काकांनी एक कोपरा दोन बोटांत चुरगाळला, कानाशी नेला, उजेडात धरला. आणि तीन महिन्यांत पहिल्यांदा त्यांचा चेहरा खुलला.

"इकडे ये," ते मेहुण्याला म्हणाले. "हात लाव. लाव म्हणतोय ना! ह्याला म्हणतात कापड. हा विणीचा घट्टपणा बघ. हा रंग बघ, दहा वर्षं हलणार नाही. म्हणे कापड कोण घेतं! हा माल ज्याने निवडला तो माणूस जाणकार आहे. असा एक जरी माणूस आज बाजारात असेल ना, तर कापडाचा धंदा मेलेला नाही, लिहून ठेव!"

"लिहून ठेवलेलंच दिसतंय," मेहुण्याने पलंगपोसाची उलटी बाजू वर केली. कडेचे काही तुकडे अस्तराविना होते आणि त्यांच्यावर निळ्या खडूने नंबर होते. काकांच्या अक्षरात. एका तुकड्याची दातेरी कडही शिवणीतून डोकावत होती.

मग मेहुणा हसू लागला आणि टेप हातातून सुटेपर्यंत हसला.

"परत पाठव!" काका काकूंवर ओरडले. "आत्ताच्या आत्ता! माझाच माल मला विकते म्हणजे काय!"

काकूंनी मोबाइलवर बोट फिरवलं आणि मोठ्याने वाचलं, "'विकलेला माल परत घेतला जाणार नाही.'"

काकांनी फोन हिसकावून पार्सलवरच्या नंबरवर थेट शिवणवर्गाच्या बाईला लावला. "मी कापडवाला बोलतोय! ही कुठली पद्धत? आणि माल परत का घेत नाही तुम्ही?"

"अगंबाई, काका तुम्ही!" पलीकडून दुकानभर ऐकू जाईल असा आनंदी आवाज आला. "ती पाटी तुमच्याच दुकानातली. मागे अस्तर परत करायला आले होते, तेव्हा तुम्ही मला दोनदा वाचायला लावली होतीत. तेव्हापासून पाठ आहे."

काकांची नजर भिंतीवरच्या दुसऱ्या पाटीकडे गेली. बाईच पुढे म्हणाल्या, "बरं झालं फोन केलात. पलंगपोसाचा फोटो टाकला आणि अशाच आणखी चाळीसांची मागणी आली. फुकट घेऊन कसं चालेल, आता विकतच हवं. पण मला तागा नको, रंगारंगाचे वीतभर तुकडे हवेत, हजारांनी. दुसरीकडचं कापड शिवणीतच फसकतं हो. तुमच्यासारखं मिळत नाही. द्याल का?"

मेहुण्याचं हसणं थांबलं. काकूंनी डबा खाली ठेवला. काकांनी भिंतीवरच्या तिसऱ्या पाटीकडे पाहिलं.

"एक मीटरच्या आत मी कापड फाडत नाही," ते ठामपणे म्हणाले.

"अहो!" काकू कळवळल्या.

"कापड फाडत नाही," काकांनी आवाज चढवला. "तीच पाटी आहे आणि तीच राहील. नमुने मात्र हवे तेवढे मिळतील. विकत. आणि भाव एकच!"

मग त्यांनी खाली पडलेली टेप उचलली, नीट गुंडाळली आणि मेहुण्याच्या खिशात ठेवली. मेहुणा मुकाट्याने गेला. त्याच्या पाठमोऱ्या आकृतीकडे पाहत काका बराच वेळ छाती काढून उभे होते.

"तुला माहीत होतं?" त्यांनी काकूंना विचारलं.

"फोटोतले रंग ओळखीचे वाटले," काकू म्हणाल्या, "म्हणून तर मागवला."

संध्याकाळी घरी पलंगपोस पलंगावर पसरला गेला. काकांची खुमखुमी अजून जिरली नव्हती. साइटवर लिहिलंय त्यापेक्षा तो चार बोटं जरी कमी भरला, तरी त्या बाईला उद्या चांगलं सुनावायचं, असं मनाशी ठरवून ते गुपचूप मोजायला बसले.

"किती भरला हो?" काकूंनी स्वयंपाकघरातून विचारलं.

"बरोबर आहे," मीटरकाका तोंड पाडून म्हणाले. "अकरा वीत."