वाल्मोरेल यांचे घारे डोळे

कार्डिफच्या सरकारी इस्पितळात पॅथॉलॉजिस्ट असलेल्या डॉ. शैला गोळविलकर यांनी हौसेने फ्रेंचचा क्लास लावला, आणि २००८च्या मार्चमध्ये क्लासचा गृहपाठ म्हणून फेसबुकवर एक ग्रुप काढला. ग्रुप होता एतिएन वाल्मोरेल या फ्रेंच लेखक-दिग्दर्शकाच्या चाहत्यांचा. हा माणूस जगाचे चित्रीकरण करी, पण स्वतःचा फोटो मात्र काढू देत नसे. म्हणून शैलाताईंनी त्याच्या कादंबरीच्या कव्हरचा फोटो काढून ग्रुपवर चढवला, आणि घाईघाईने ड्यूटीवर गेल्या.

आठवड्याने पाहिले तर सभासद चार हजार, आणि कव्हरच्या जागी त्यांचे यजमान! कॅमेऱ्यातला शेजारचा फोटो चढला होता. किडनीतज्ज्ञ डॉ. गिरीश गळ्यात मफलर गुंडाळून, दाढी न करता, अंगणातल्या तुंबलेल्या गटाराकडे पाहत उभे होते. गोरा रंग, घारे डोळे. खाली कुणी लिहिले होते, 'अस्तित्वाची पोकळी पाहिलेला माणूस!'

"अरे गिरीश, घोटाळा झालाय. डिलीटच करते."

गिरीशने सगळ्या कॉमेंट्स शेवटपर्यंत वाचल्या. "राहू दे गं दोन दिवस. एकदम काढला तर लोकांना वाईट वाटेल."

दोन दिवसांचे दोन महिने झाले. सभासद अकरा हजारांवर गेले. गिरीश मे महिन्यातही मफलर घालू लागला आणि 'चहा टाकू का?' असे विचारले की आधी खिडकीबाहेर पाहू लागला. मग कुणीतरी त्याला सुपरमार्केटमध्ये कोथिंबीर निवडताना पाहिले, आणि 'वाल्मोरेल कार्डिफमध्ये राहतात' ही बातमी ग्रुपभर झाली. एका शनिवारी फिल्म क्लबच्या सेक्रेटरीबाई बारा पुस्तके घेऊन सह्यांसाठी दारात हजर!

"मॅडम, मी किडनीचा डॉक्टर आहे," गिरीश घाबरून म्हणाला.

बाई भारावून गेल्या. "अगदी तुमच्या कादंबरीतल्यासारखं बोलता!"

दार लावल्यावर गिरीश सोफ्यावर बसलाच. "शैला, उद्या कुणी कम्प्लेंट केली तर? दुसऱ्याच्या नावाने वावरतो म्हणून माझं डॉक्टरकीचं रजिस्ट्रेशन जाईल गं."

"आता सुचतंय? अकरा हजार लोक 'काय डोळे आहेत' म्हणत होते तेव्हा बरा गप्प होतास!"

शैलाताईंनी मोडक्यातोडक्या फ्रेंचमध्ये वाल्मोरेलच्या प्रकाशकांना कबुलीपत्र लिहिले. तीन आठवडे दोघांनाही नीट जेवण गेले नाही. मग पॅरिसहून खुद्द वाल्मोरेलचे पाकीट आले. शैलाताई शब्दकोश मांडीवर घेऊन वाचू लागल्या.

"म्हणतोय, 'मॅडम, ग्रुपवरचा फोटो कृपया हटवू नका. परवा मी तिकीट काढून माझाच चित्रपट पाहिला. एरवी पॅरिसमध्ये लोक मला पाहून ओळखतात, पण आता सगळे आपल्या यजमानांनाच वाल्मोरेल समजतात; कुणीही ओळखलं नाही. शेजारच्या बाई पहिल्या अर्ध्या तासातच झोपल्या, हे मला पहिल्यांदाच कळलं. मी आपल्या यजमानांचा ऋणी आहे. नवं पुस्तक येतंय, त्यावर छापायला त्यांचा आणखी एक फोटो मिळेल का?'"

शैलाताईंनी सुटकेचा निःश्वास सोडला. गिरीश मात्र खिडकीबाहेर पाहत विचारात पडला होता.

"देऊ की. फक्त एक विचारून घे," तो म्हणाला. "फोटोखाली नाव त्याचंच टाकणार का?"

शैलाताईंनी शब्दकोश पुन्हा उघडला. 'आगाऊपणा'ला फ्रेंचमध्ये काय म्हणतात, ते त्यांना पाहायचे होते.