कप्पेसाहेबांचा मेंदूचा व्यायाम

कप्पेसाहेबांनी त्या रविवारी टूथब्रश उजव्या हातातून डाव्या हातात घेतला, बस्स एवढंच. त्यापलीकडे त्यांच्या मनात काहीही नव्हतं, हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं ऐकून तुम्ही त्यांना नाही नाही ते बोलाल. (बोला. त्यांची बायको तर अजून बोलतेय.)

कप्पेसाहेब हे त्यांचं खरं नाव नव्हे. खरं नाव पगाराच्या कागदावर असेल, ते तिथून बाहेर फारसं कधी पडलं नाही. मोटारींच्या सुट्या भागांच्या एका भल्यामोठ्या गोदामात ते पंचवीस वर्षं स्टोअरकीपर. अकरा हजार प्रकारचा माल. कुणी येऊन म्हणावं, "डाव्या आरशाचा स्क्रू हवाय," की साहेब मान वर न करता सांगणार, "चौथी रांग, तिसरा कप्पा, मागची पेटी." गोदामाचा कायदा एकच. माल एका जागेवरून दुसऱ्या जागेवर गेला की तिथल्या कार्डावर नोंद झालीच पाहिजे. कार्डावर न लिहिता साहेबांनी पंचवीस वर्षांत एक वॉशर हलवला नव्हता.

आणि त्यांची बायको ब्रेकबाई. तीही अशीच जगानं ठेवलेल्या नावाची. ती गाडी चालवायला शिकवते. शिकाऊ माणसाच्या शेजारी बसायचं, आपल्या पायाखालचा जादा ब्रेक सांभाळायचा आणि शांत आवाजात "आधी आरसा बघा, मग इंडिकेटर, मग वळा" म्हणत राहायचं. अठरा वर्षांत तिनं हजारभर माणसं रस्त्यावर सोडली, त्यातली बहुतेक अजून धडधाकट आहेत. पायाची सवय अशी लागलेली, की घरात नवरा काही वेडगळ बोलला की तिचा उजवा पाय आपोआप जमीन दाबायचा.

तर झालं असं की आदल्या दिवशी लिफ्टमध्ये एक गृहस्थ हसून "काय, कसं काय?" म्हणाले आणि साहेबांना त्यांचं नाव आठवेना. नऊ मजले झाले, आठवेना. तोंडचं पाणी पळालं बिचाऱ्यांच्या. (ते गृहस्थ त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच भेटत होते हे नंतर कळलं, पण तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं.) आणि दुसऱ्याच दिवशी वर्तमानपत्राच्या आरोग्य पुरवणीत पानभर मजकूर. वय वाढतं तसा मेंदू आळसावतो, कुठल्याशा संशोधकांचं म्हणे असं मत आहे, आणि तेच ते सवयीनं करणाऱ्याला स्मृतिभ्रंशाचा धोका जास्त. उपाय तीन. रोजची कामं डाव्या हातानं करा. घरातल्या वस्तूंच्या जागा बदला. आणि लिहून ठेवू नका, आठवा. (याच पुरवणीनं मागच्या महिन्यात कॉफीला वाईट म्हटलं होतं आणि त्याच्या मागच्या महिन्यात चांगलं. पण घाबरलेला माणूस मागचे अंक काढून बघत नाही.)

डाव्या हातानं ब्रश करताना पेस्ट भुवईला लागली. साहेब म्हणाले, ठीक आहे, म्हणजे मेंदू जागा होतोय.

सोमवारपासून दुसरा उपाय. बायको उठायच्या आधी घरातली एक वस्तू गुपचूप दुसरीकडे ठेवायची. पहिल्या दिवशी डबा उघडायचं ओपनर टॉवेलांच्या कपाटात गेलं. मंगळवारी इस्त्री सोफ्याखाली. बुधवारी बायकोचा चष्मा फुलदाणीत. बायकोला सांगायचं नाही, कारण सांगितलं तर तिच्या मेंदूला व्यायाम कसा होणार? आपण तिच्या म्हातारपणाची केवढी मोठी सोय करतोय, असं वाटून त्यांचे डोळे खरंच पाणावले होते हो. आणि तिसऱ्या उपायाप्रमाणे नोंद मात्र कुठेही करायची नाही. पंचवीस वर्षांचा कायदा माणसानं मोडला तो नेमका स्वतःच्या घरात.

पहिला आठवडा मजेत गेला. दुसऱ्या आठवड्यात साहेबांना स्वतःचे मोजे सापडेनात. एका सकाळी ते ओट्याखालच्या कपाटात डोकं घालून बसले होते, तर समोरच्या कपाटातून ब्रेकबाईचं डोकं बाहेर आलं.

"काय शोधताय हो?"

"मी? काही नाही. तू काय शोधतेयस?"

"मी कुठं काय शोधतेय?"

"मग बसलीयस का अशी?"

"थंड वाटतं इथं," ती म्हणाली.

"हो, वाटतं खरं," असं म्हणून साहेबही पाच मिनिटं तिथंच बसले.

मग गाडीच्या चावीचा दिवस उजाडला. सकाळचे आठ, खाली बँकेचा एक मॅनेजर पहिल्या धड्यासाठी गाडीपाशी उभा, आणि चावी नाही. पर्स झाली, खुंटी झाली, गाद्या उलट्यापालट्या झाल्या. साहेबही शोधत होते, आणि खरोखरच शोधत होते, कारण चावी आपणच कुठेतरी ठेवलीय एवढंच त्यांच्या लक्षात होतं. शेवटी ड्रायव्हिंग स्कूलमधून दुसरी चावी मागवली. तोवर मॅनेजरसाहेब उन्हात पाऊण तास उभे. तीन दिवसांनी ब्रेकबाईनं पाव गरम करायला ओव्हन उघडला, तर आत चावी. (इंजिन तापतं, ओव्हन तापतो, तेव्हा एका जातीचा माल एका कप्प्यात, असा विचार ठेवताना साहेबांनी केला होता.) तिनं चावी खिशात टाकली आणि पाव थंडच खाल्ला.

साहेबांच्या मनात पाल चुकचुकली ती तेव्हा. आता पुरे, सगळं गुपचूप जागच्या जागी ठेवून देऊ, असं त्यांनी ठरवलं. हा निर्णय आधीच्या निर्णयापेक्षा वाईट होता. दुसऱ्या दिवशी ब्रेकबाईनं कपाट उघडलं आणि किंचाळलीच.

"अहो, इस्त्री!"

"काय झालं इस्त्रीला?"

"इथं आहे!"

"मग इस्त्रीच्या जागी इस्त्रीच असणार ना?"

"काल नव्हती हो! परवा नव्हती! या कपाटात मी दहा वेळा बघितलंय!"

"असेल, दिसली नसेल," साहेब म्हणाले. बोलून गेले आणि मग जीभ चावली. कारण ब्रेकबाई पलंगाच्या कडेवर मटकन बसली होती. भर चौकात समोरून ट्रक आला तरी जिचा आवाज हलत नाही, त्या बाईचे ओठ थरथरत होते.

"मला काहीतरी व्हायला लागलंय," ती म्हणाली. "तुम्हाला सांगितलं नाही, पण चष्मा फुलदाणीत सापडला. चावी ओव्हनमध्ये. माझी मोठी मावशी अशीच करायची, आठवतं ना?"

आत्ता सांगावं, या क्षणी सांगावं, असं त्यांना अगदी मनापासून वाटलं. तोंडही उघडलं. पण तिचा उजवा पाय दिसला आणि तोंड परत मिटलं. माणूस भित्रा, त्याला काय करणार?

"शनिवारी मी स्कूलमध्ये सांगून टाकणार आहे," ती म्हणाली. "शिकवणं बंद. चावी कुठं ठेवली ते जिला आठवत नाही, तिनं दुसऱ्याच्या जिवाची जबाबदारी घ्यायची नाही. अठरा वर्षं झाली. पुरे झालं."

"अगं, इतकं काही..."

"शुक्रवारी डॉक्टरांची वेळ घेतलीय. माझ्या बहिणीलासुद्धा नाही सांगितलं. तुम्हीच चला सोबत."

पुढचे दोन दिवस साहेब रोज सकाळी ठरवायचे, आज सांगतो. चहाच्या वेळी वाटायचं, चहा होऊ दे. दुपारी ते गोदामात असायचे, संध्याकाळी कुणीतरी यायचं, आणि शुक्रवार येऊन ठेपला.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, बोलायला गोड. त्यांनी ब्रेकबाईला आधी पाच शब्द सांगितले, घोडा, लिंबू, समुद्र, शिडी, पिवळा, आणि लक्षात ठेवायला सांगितलं. मग वार विचारला, तारीख विचारली. शंभरातून सात सात वजा करायला सांगितलं. ब्रेकबाई भराभर खाली उतरत दोनपर्यंत पोचली. अकरा वाजून दहा मिनिटं झालेलं घड्याळ काढलं, तर त्याला तिनं सेकंदकाटासुद्धा काढला. पाच शब्द सुलट म्हटले आणि कुणी न सांगता उलट म्हटले.

"तुमची स्मरणशक्ती माझ्यापेक्षा बरी दिसतेय," डॉक्टरीणबाई हसल्या. "मग घरी नेमकं काय होतं?"

ब्रेकबाईनं सांगितलं. फुलदाणी, ओव्हन, कपाटात परत उगवलेली इस्त्री, आणि शिवाय बुटांच्या खोक्यात सापडलेला मिठाचा डबा. डॉक्टरीणबाईंचं हसू मावळलं.

"वस्तू भलत्याच जागी सापडणं, हे मला दुर्लक्ष करण्यासारखं वाटत नाही," त्या म्हणाल्या. "अजून काही तपासण्या करू या. आणि तोवर, वाईट वाटून घेऊ नका, पण गाडी शिकवणं थांबवलेलं बरं."

ब्रेकबाईनं मान हलवली. पर्स उघडली, गाडीची चावी काढली आणि नवऱ्याच्या हातात दिली. "ही तुमच्याकडे ठेवा," ती म्हणाली. "माझ्याकडे नको."

एवढं मात्र कप्पेसाहेबांना सोसलं नाही. खुर्ची मागे पडेल असे ते ताडकन उभे राहिले.

"मी ठेवल्या!" ते ओरडले. "सगळ्या मीच ठेवल्या! ओव्हनमध्ये मी, फुलदाणीत मी, मीठ पण मीच!"

डॉक्टरीणबाईंनी खुर्ची हळूच त्यांच्याकडे वळवली.

"तुम्ही चावी ओव्हनमध्ये ठेवली?"

"हो."

"का बरं?"

"मेंदूसाठी."

डॉक्टरीणबाईंनी ब्रेकबाईकडे पाहिलं. ब्रेकबाईनं डॉक्टरीणबाईंकडे पाहिलं. मग डॉक्टरीणबाईंनी एक कोरा कागद काढला, साहेबांच्या पुढ्यात सरकवला आणि लहान मुलाशी बोलतात तशा आवाजात म्हणाल्या, "काका, जरा बसता का? तुम्हाला एक घड्याळ काढायचंय."

साहेबांची पाचावर धारण बसली. घाबरून त्यांनी नव्या सवयीनं पेन्सिल डाव्या हातात घेतली, आणि अकरा वाजून दहा मिनिटांच्या ऐवजी कागदावर जे उमटलं, त्याला फार तर बटाटा म्हणता आलं असतं. पाच शब्द त्यांनी बरोबर सांगितले, पण "घोडा, पहिली रांग, दुसरा कप्पा, लिंबू, त्याच्या मागं," असे सांगितले. डॉक्टरीणबाई भराभर लिहून घेत होत्या.

"एकूण किती वस्तू हलवल्या?"

"एकवीस."

"त्यातल्या किती कुठं आहेत ते आठवतंय?"

साहेबांनी बोटं मोजली. "नऊ."

मग पुरवणी, संशोधक, लिफ्टमधला अनोळखी माणूस, सगळं रडतरखडत बाहेर आलं. डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं आणि तोंडावर रुमाल धरला. ब्रेकबाई हसली नाही. तिचा पाय जमिनीत रुतायचा तेवढा बाकी होता.

"दोन आठवडे," ती म्हणाली. "दोन आठवडे मी रोज अंघोळ झाल्यावर आरशासमोर उभी राहून घरातल्या सगळ्यांचे वाढदिवस म्हणून बघत होते. विसरले तर कळावं म्हणून."

"चुकलं माझं," साहेब म्हणाले. "फार चुकलं. मला वाटलं, म्हातारपणी तू मला ओळखलं नाहीस तर मी काय करणार?"

ब्रेकबाईनं त्यांच्या हातातली चावी काढून घेतली आणि डॉक्टरीणबाईंना विचारलं, "म्हणजे मी शिकवू शकते?"

"आजपासून. आणि काका, तुम्हीही ठीक आहात. मेंदूसाठी काही करायचंच असेल तर चाला, नवीन काहीतरी शिका, माणसांशी मोकळेपणानं बोला. बायकोशी बोललात तरी चालेल." त्यांनी साहेबांच्या कागदावर एक ओळ लिहिली आणि खाली सही ठोकली. 'घरातल्या वस्तूंना हात लावू नये.'

आता हे त्यांनी थट्टेनं लिहिलं होतं. पण डॉक्टरांनी लिहून दिलेलं ब्रेकबाई पाळते. शनिवारी गोदामाचा अर्धा दिवस संपवून साहेब दीडच्या सुमारास घरी आले, तर टेबलावर त्यांच्याच गोदामातल्या मागणीपत्रांचा कोरा गठ्ठा. साहेबांच्या हाताखालच्या माणसांनी तो ब्रेकबाईला फार आनंदानं दिला होता.

"घरातलं काही हवं असलं की हे भरायचं," ती बूट घालता घालता म्हणाली.

साहेब मुकाट्यानं बसले आणि भरू लागले. वस्तू: चहा. नग: एक कप. कारण: तल्लफ.

ब्रेकबाईनं कागद वाचला. "तल्लफ हे कारण होत नाही."

त्यांनी खोडून 'अत्यावश्यक' लिहिलं.

"खाडाखोड चालत नाही. आणि तीन प्रती लागतात."

त्यांनी तीन प्रती केल्या, सुवाच्य अक्षरात, उजव्या हातानं. "आता मंजुरीची सही कर."

"मंजुरीची वेळ बारा ते एक. आत्ता पावणेदोन झालेत, आणि दोन ते पाच माझे धडे आहेत. मॅनेजर खाली उभे आहेत." तिनं चावी बोटाभोवती गरकन फिरवली आणि दार उघडलं.

"अगं, मग पाच वाजेपर्यंत मी काय करू?"

"मेंदूचा व्यायाम करा," ब्रेकबाई म्हणाली. "चहाची चव कशी असते, ते आठवत बसा."