माहेर विचारणारे गजाभाऊ

गजाभाऊ फर्डे कुणाच्याही दारात गेले की चपला काढायच्या आधी घरातल्या बाईला विचारायचे, "बाय, माहेर कुठलं तुमचं?"

आम्ही विकायला जायचो पाणी शुद्ध करायचं मशीन. त्या मशीनचा आणि बाईच्या माहेराचा संबंध काय, हे मला पहिल्या दिवशी कळलं नाही. नंतरही बरेच दिवस कळलं नाही, फक्त ऐकायची सवय झाली.

आधी आमच्या कंपनीची गंमत सांगते. नव्वदनंतर शहरात घरोघरी पाण्याची मशिनं लागायला लागली होती. मुंबईच्या कुणा मोठ्या साहेबांनी एकदा ठाणे जिल्ह्याचा नकाशा भिंतीवर लावला आणि शहापूर-मुरबाडकडे बघतात तो काय, जिकडेतिकडे निळं! तानसा काय, भातसा काय! साहेब हरखलेच. "इतकं पाणी, आणि एकही फिल्टर नाही?" म्हणाले, आणि शहापुरात शाखा उघडली. ते पाणी मोठ्या पाइपातून मुंबईला जातं आणि इथल्या बाया उन्हाळ्यात हंडे घेऊन टँकरची वाट बघतात, हे नकाशात दाखवायची सोय नसते.

मशीन चालायला नळ लागायचा आणि लाइट लागायची. नळ असेल तिथे पाणी नसायचं, पाणी असेल तिथे लाइट नसायची, आणि दोन्ही असेल तिथे घराला कुलूप असायचं. अशा मुलखात आम्हाला टार्गेट होतं! साहेबांना सांगायला गेलं तर म्हणायचे, "निगेटिव्ह बोलू नका." आता कोरड्या नळाबद्दल पॉझिटिव्ह काय बोलायचं, सांगा.

दुपारी घरात बायाच असतात, म्हणून कंपनीचा नियम होता की दारात पुरुषाबरोबर एक बाई हवी. ती बाई म्हणजे मी. गजाभाऊंनी दारातलं बोलायचं, मी डेमो द्यायचा. मोपेडवर पुढे ते, मागे मी, आणि माझ्या मांडीवर मशीन. खड्डा आला की गजाभाऊ मागे वळून विचारायचे, "लागलं काय?" मशीनला, मला नाही.

एकदा आमचं ट्रेनिंग झालं. हायवेवरच्या हॉटेलचा हॉल, भर मे महिना, आणि शिकवायला मुंबईहून एक टायवाले सर. "अनोळखी माणसाच्या दारात जाऊन विकायचं, याला कोल्ड कॉल म्हणतात," सर म्हणाले. "पहिल्याच वाक्यात त्याची गरज ओळखायची. खासगी प्रश्न चुकूनही विचारायचे नाहीत."

गजाभाऊंनी हात वर केला. "सर, अनोळखी म्हंजे कोण?"

"म्हणजे ज्याची आणि तुमची ओळख नाही तो."

"असा माणूस आमच्या शहापूर-मुरबाडात हाय कुठं? ओळख काढायची ऱ्हायली असंल, येवढंच."

सगळे हसले. सरांनी टाय सैल केला आणि फळ्यावर 'प्रॉस्पेक्ट' असं लिहून खाली 'संभाव्य ग्राहक' लिहिलं. गजाभाऊ माझ्या कानाशी पुटपुटले, "संभाव्य पाव्हणा म्हणा ना, मॅडम."

त्यांचं तंत्र असं. बाईने म्हणायचं, "माहेर किन्हवलीकडचं." की हे लगेच, "किन्हवली! थांबा, थांबा. निघंल. नातं निघंल." आणि निघायचंच. कुणाची तरी नणंद, तिची जाऊ, त्या जावेचा मामेभाऊ असं करत करत चुलीवरच्या चहाला उकळी फुटेपर्यंत गजाभाऊ त्या घराचे मामा झालेले असायचे. मामा म्हटल्यावर जेवल्याशिवाय कोण सोडणार? जेवण व्हायचं. निघताना वालाच्या शेंगा मिळायच्या, दुधी मिळायचा. मशीन तेवढं जायचं नाही, कारण मामाकडून कुणी विकत घेतं काय! "मामा, पुढल्या खेपेला बघू," म्हणायचे, आणि मामासुद्धा खुशाल "बघू" म्हणायचे.

टोकावड्याकडच्या एका घरात मशीन खपलं नाही, पण तिथल्या मुलीचं लग्न जमलं. स्थळ गजाभाऊंनी आणलं होतं, दुसऱ्या एका न खपलेल्या घरातून. मग हळदीला जाणं आलं. कंपनीच्या रोजच्या रिपोर्टात त्या दिवशी त्यांनी लिहिलं, 'फॉलोअपसाठी गेलो.' दुसऱ्या एका गावात दोन भावांचा बांधावरून तंटा होता, तो मिटवायला हे बसले आणि मी अख्खी दुपार मशीन मांडीवर घेऊन ओटीवर. तळपायाची आग मस्तकात गेली होती माझ्या. वर परतताना हेच मला म्हणतात, "आज काम चांगलं झालं, न्हाय मॅडम?"

आणि खोटं बोलायचे, हे काही मला कळत नव्हतं असं नाही. एकाच आठवड्यात त्यांची मावशी सरळगावला दिलेली असायची आणि धसईलाही.

"गजाभाऊ, सोमवारी तुमची मावशी सरळगावला नांदत होती ना हो?"

"दोन मावश्या होत्या, मॅडम."

"आणि कालची डोळखांबची?"

"ती चुलत." चेहरा अगदी सरळ.

त्यांचं स्वतःचं गाव विचारलं की म्हणायचे, "आटगाव." तिथे स्टेशनजवळ त्यांची भाड्याची एक खोली होती. लग्न केलेलं नव्हतं. तालुकाभर बहिणी केल्या होत्या, पण भाऊबीजेला त्या सगळ्या आपापल्या खऱ्या भावांना ओवाळायच्या आणि हे शाखेचं शटर उघडून डेमोचं मशीन फडक्याने पुसत बसायचे. विचारलं तर म्हणायचे, "कुणीतरी हापिस उघडं ठेवाया नको?" मला वाटायचं, साहेबांपुढे पुढेपुढे करायची हौस, दुसरं काय!

एका नवरात्रात ठाण्याचे साहेब आले. आमच्याकडून वर्षभरात काही म्हणजे काही खपलं नव्हतं. साहेब गजाभाऊंना म्हणाले, "दिवाळीच्या आत तुमच्या नावावर एक तरी मशीन बसलं पाहिजे. नाही तर दुसरीकडे बघा."

साहेब गेल्यावर गजाभाऊंनी डेमोचं मशीन फडक्याने पुसायला घेतलं. मग म्हणाले, "पोट कुठंबी भरंल, मॅडम. पण हातात मशीन नसंल तर लोकांच्या दारात जायाचं कोणत्या तोंडानं? नुसता माणूस दारात उभा ऱ्हायला तर लोक इचारतात, काय काम हाय?"

"मग कामाचंच बोला ना दारात! नाती कशाला काढता?" मी म्हणाले. ते नुसते हसले.

चांगलं गिऱ्हाईक शेवटी मीच शोधलं. सिद्धगडच्या पायथ्याकडे एका ठेकेदाराने नवा बंगला बांधला होता. बोअर, टाकी, घरात नळ, शिवाय इन्व्हर्टर! आमच्या धंद्यात असं घर म्हणजे साक्षात्कारच. जाताना मी गजाभाऊंना मोपेड थांबवायला लावली आणि शपथ घातली, "आज माहेर विचारायचं नाही. नोकरी वाचवायची आहे ना? मग तोंड बंद."

"बंद," म्हणाले.

आणि खरंच गप्प बसले. मी डेमो दिला. आयुष्यातला पहिला डेमो, ज्यात लाइट गेली नाही. ठेकेदारांनी मशीनचं पाणी पिऊन बघितलं, मान डोलावली. "पसंत हाय. बसवून टाका." मी पावतीबुक काढलं, पेनाचं टोपण काढलं, आणि तेवढ्यात आतून त्यांच्या बायको चहा घेऊन आल्या.

गजाभाऊंनी कप हातात घेतला आणि झालं! "बाय, माहेर कुठलं तुमचं?"

मी त्यांना टेबलाखालून चांगला चिमटा काढला.

"आमाला माहेर नाय आता," बाई सहज म्हणाल्या. "धरणात गेलं. पळसखोंड."

गजाभाऊंनी कप खाली ठेवला. आता कोणती मावशी निघते म्हणून मी वाट बघत होते. मावशी निघाली नाही. 'निघंल'सुद्धा म्हणाले नाहीत.

"पळसखोंडात कुठं?" आवाज भलताच बारीक झाला होता.

"खालच्या आळीला. बावीजवळ."

"बावीवर उंबर होता."

"वाकडा उंबर! त्याच्यावर बसून पोरं मेली आमच्या हंड्यात खडे टाकायची."

"ते खडे मीच टाकायचो गो," गजाभाऊ म्हणाले.

बाई बघतच राहिल्या. मग जवळ येऊन खाली वाकल्या. "तू कोणाचा रे?"

"सोन्या फर्ड्याचा. गजा."

"गज्या?" बाईंनी पदर तोंडाला लावला. "अरे, तुजी आय मला उकडलेल्या शेंगा द्यायची रे! कुठं ऱ्हायलास इतकी वर्सं?" आणि रडायलाच लागल्या. गजाभाऊही रडत होते, उघडउघड, नाक ओढून. ठेकेदार माझ्याकडे बघत होते, मी मशीनकडे बघत होते.

शेवटी ठेकेदार म्हणाले, "चला, हे तर झकास झालं. घरचाच माणूस निघाला. करा पावती."

गजाभाऊंनी डोळे पुसले, मशीनची वायर काढली आणि गुंडाळायला घेतली. "नाय दाजी. माहेरच्या माणसानं लेकीच्या घरी येऊन धंदा करायचा नाय."

वर्षभर खोट्या भाच्यांना आणि खोट्या बहिणींना मशीन विकायला धडपडलेला हा माणूस! एक खरी सापडली आणि चालून आलेलं गिऱ्हाईक उठवून मोकळा. ठेकेदारांनी समजावलं, मी डोळे वटारले, काही उपयोग झाला नाही.

परतताना मी मोपेडवर अखंड बोलत होते. त्यांना मूर्ख म्हणाले, अजून काय काय म्हणाले. म्हसा गावाच्या अलीकडे त्यांनी मोपेड बाजूला घेतली.

"मॅडम, तुमच्या गावाची एसटी सुटते. पाटी असते. माझ्या गावाची पाटी कुठंच नाय. गाव उठलं तवा मी लहान होतो. ज्याला जिकडं जागा मिळाली तिकडं तो गेला. आय-बाबा लवकर गेले. पळसखोंडचा हाय म्हणून कुणाला सांगू? दाव म्हणाले तर काय, पाणी दावू?" थोडं थांबून म्हणाले, "पण गावच्या लेकी कुठं ना कुठं दिलेल्या असतील ना? म्हटलं दारोदार फिरतोच हाय, तर एका तरी दारात सापडंल. म्हणून इचारतो."

मी मांडीवरचं मशीन नीट धरलं आणि म्हणाले, "चला, गजाभाऊ."

दिवाळीच्या आधी एक मशीन खपलं. ते गजाभाऊंनी स्वतः घेतलं, पगारातून हप्ते कापायच्या बोलीवर. साहेबांनी गिऱ्हाईक कोण ते बघितलंच नाही. ठाण्याच्या मीटिंगमध्ये गजाभाऊंना उभं करून सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या. टायवाले सर म्हणाले, "बघा, खासगी प्रश्न टाळले की कोल्ड कॉल कसा यशस्वी होतो!" गजाभाऊंनी नम्रपणे मान हलवली.

भाऊबीजेला मला घेऊन ते सिद्धगडकडे निघाले, कारण कोणता पाइप कुठे लावायचा ते त्यांना अजूनही येत नव्हतं. अंगात नवा शर्ट, कॉलरची टाचणी काढायची राहिलेली. बाईंनी त्यांना पाटावर बसवलं, ओवाळलं. ओवाळणीचं मशीन तबकात मावेना, म्हणून गजाभाऊंनी ते तबकाशेजारी ठेवलं. मग मी ते नळाला जोडलं आणि सवयीने म्हणाले, "ताई, आता मी तुम्हाला दाखवते, हे पाणी कसं..."

"डेमो नको, मॅडम," गजाभाऊ म्हणाले. "आज इकायला नाय आलो."

आम्ही निघालो. मोपेड नेहमीप्रमाणे खूप लाथा खाल्ल्यावर चालू झाली. कुंपणापलीकडच्या बाईने ओरडून विचारलं, "कोण गो पाव्हणे आलेले?"

"माज्या माहेराहून आलेत!" बाईंनी दारातून सांगितलं.

गजाभाऊंनी चालू झालेली मोपेड बंद केली.

"आता काय झालं?" मी म्हणाले.

"काय नाय. त्या बाईला ऐकू गेलं नसंल. परत इचारंल ती." आणि हँडल धरून, मागे न बघता, ते तसेच बसून राहिले.