वसंताचे रविवार

चैत्रातल्या उन्हात, सकाळी नऊ वाजता, लहानूअण्णा खेडकर माझ्या दारात उभे राहिले. अंगात जाड लोकरीचा कोट, गळ्यात मफलर, डोक्यावर माकडटोपी आणि घामानं चिकटून बसलेल्या मिशा.

"मास्तर, चला," अण्णा म्हणाले. "बर्फ पडलाय."

मी तेव्हा केडगावच्या शाळेत नुकताच बदलून आलो होतो. लग्न झालेलं नव्हतं, खोली अण्णांच्या भिंतीला भिंत लागून. म्हाताऱ्याला ऊन लागलं असं समजून मी धावत जाऊन पाण्याचा तांब्या आणला. सलग दुसरं कोरडं साल चाललेलं. तेव्हा दुसऱ्याला तांब्याभर पाणी देताना जीव तुटायचा. अण्णांनी ते गटागटा पिऊन टाकलं, तांब्या माझ्या हातात परत दिला आणि कोटाच्या खिशातून विमानाचं निळं पत्र काढलं.

पत्र वसंताचं. वसंता हा अण्णांचा एकुलता एक, अमेरिकेत इंजिनियर. पाच वर्षांत परत येतो म्हणून गेला, मध्येच एकदा येऊन लग्न करून सुमनला घेऊन गेला, आणि पाचाची सात झाली तरी 'पुढच्या वर्षी नक्की' असं लिहीत होता. मुलगा चांगला, पत्र चुकवत नसे. दर पत्रात रविवारी दोघं कुठं गेली, काय खाल्लं, कुणाकडं बसली, हे सगळं बैजवार असायचं.

आणि वसंता जे करी ते अण्णा इथं करीत. पत्र यायला पंधरा-वीस दिवस लागायचे, म्हणून अण्णांचा रविवार तेवढा मागून चालायचा, एवढाच फरक. अण्णा मूळचे तिसगावचे, जन्म नगरच्या एसटी स्टँडवर कंट्रोलर म्हणून गेलेला. कागदावर लिहिलेली वेळ पाळायची, त्यात अक्कल चालवायची नाही, हे हाडांत मुरलेलं. त्यांचं एक पालुपद होतं: "लिव्हलंय तसं!"

अडचण एकच होती. पत्रात माणसं दोन, आणि अण्णांची बायको कधीच वारलेली.

"वसंता मी हाय," अण्णांनी मला समजावलं. "सुमनचं काम तुमी करायचं."

घ्या! एवढं शिक्षण घेऊन, सरकारी नोकरी मिळवून, मी केडगावात सून म्हणून लागलो. मुलगी सांगून येईना ती त्यामुळंच, असं माझी आई मरेपर्यंत म्हणत होती.

त्या दिवशी आम्ही पुणे रोडवर बर्फात फिरलो. डांबर पाघळून चपलांना चिकटत होतं. रसवंतीच्या अलीकडं अण्णांनी पत्र उघडून पाहिलं आणि थांबले.

"हितं सुमन घसरून पडली. पडा."

"अण्णा, रस्ता आहे हा! वरून ट्रक येतायत."

"लिव्हलंय तसं, मास्तर."

मी रस्त्याच्या कडेला बसलो. बूड भाजलं. एक ट्रकवाला थांबून "काय झालं हो मास्तरला?" म्हणून विचारू लागला. अण्णांनी मला बखोट धरून उठवलं, कपडे झटकले आणि हळूच म्हणाले, "थँक्यू म्हना. ती म्हनाली हुती."

परत येताना मी भयंकर चिडलो होतो. हा काय पोरखेळ म्हणून तोंडावर विचारलं. अण्णांनी टोपी काढून डोकं पुसलं.

"वसंता येनार. आल्यावर त्यो बोलंल कशावर? मला स्टँडबिगर काय ठावं? त्यो म्हनंल, बर्फात फिरलो. मी नुसता व्हय व्हय करत बसू? मला बी म्हनता आलं पायजे, मी गेल्तो. दोन दिवस मी येड्यावानी ऐकत बसलो, की तिसऱ्या दिशी त्यो बोलायचा थांबंल."

अंगातला तो कोट वसंताचा कॉलेजातला होता. अण्णांना मनगटाशी दोन बोटं आखूड.

पाऊस त्या वर्षी आलाच नाही. श्रावण संपला तरी तळ्यात भेगा, आणि नेमकं तेव्हाच पत्र आलं की वसंता-सुमन एका मोठ्या सरोवरावर नाव वल्हवायला गेले होते. आम्ही तळ्याच्या मधोमध जाऊन बसलो, एकापाठोपाठ एक, पत्रातलं सँडविच म्हणून भाकरीच्या दोन चतकोरांत ठेचा घालून. जवळच बांधाचं दुष्काळी काम चाललं होतं. पाट्या डोक्यावर घेतलेल्या बाया आमच्याकडं बघत उभ्या राहिल्या.

"पाय वर घ्या, मास्तर. पानी हाय," अण्णा म्हणाले.

एक म्हातारी जवळ आली. "काय करता वो?"

"नावंत बसलोय."

वाटलं, बाई आता शिव्या देईल. तिनं पाटी खाली ठेवली, कोरड्या तळाकडं बघितलं आणि म्हणाली, "बसा बापा. लई पानी हुतं हितं."

अण्णांनी ठेच्याची भाकरी तिला दिली. 'लिव्हलंय तसं' मोडलेलं मी पाहिलं ते पहिल्यांदा.

दिवाळीनंतर पार्टी. पत्रात होतं, चार जोडपी आली, ज्यानं त्यानं आपापला पदार्थ आणला, उभ्या उभ्या जेवलो, मजा आली. अण्णांनी आळीतल्या चौघांना जेवायला बोलावलं आणि वर सांगितलं, जेवण तुमचं तुम्ही आणा. समोरचे तात्या भडकलेच.

"आवतन द्यायचं तुमी आन् भाकर आमी बांधून आनायची? ही कुठली रीत?"

आले मात्र सगळे, अण्णांवर जीव होता म्हणून. आणि आणलं काय प्रत्येकानं? रेशनच्या लाल मिलोची भाकरी! दुसरं होतं काय कुणाच्या घरात? चार फडक्यांतून चार घरच्या त्याच लाल, वातड भाकरी निघाल्या. ही ज्वारी अमेरिकेतून आलीय, ढोरं खातात तिकडं, असं तात्या चिडून म्हणाले. अण्णांचा चेहरा उजळला. "म्हंजे वसंताच्या गावची!" म्हणाले, आणि उभ्या उभ्या अडीच भाकरी खाल्ल्या. रात्रभर पोट धरून बसले ते वेगळं.

मग थंडीत ते पत्र आलं. अण्णांनी प्रथमच ते मला वाचायला दिलं.

'ती. अण्णा, गेल्या शुक्रवारी आम्ही दोघं इथले नागरिक झालो. मोठा हॉल होता, शेदीडशे माणसं, पुढं झेंडा. सगळ्यांनी उजवा हात वर करून शपथ घेतली. जुन्या देशाशी नातं सोडलं असं म्हणावं लागतं, पण ती नुसती रीत असते. सुमननं निळी साडी नेसली होती. नंतर सगळ्यांना केक होता. घरही इथंच घेतोय. तुम्ही मनाला लावून घेऊ नका.'

मी पत्र घडी करून परत दिलं. अण्णांनी विचारलं, "शाळंची चावी तुमच्याकडंच असती ना?"

रविवारी आम्ही चौथीच्या वर्गात गेलो. अण्णांनी तोच कोट घातला होता. नगरातल्या बेकरीतून आणलेला केक त्यांनी टेबलावर मांडला. झेंड्याचं कसं करायचं म्हणून मी शाळेचा झेंडा ठेवलेल्या कपाटाकडं बघितलं.

"त्याला हात लावू नका," अण्णा म्हणाले. "ह्या कामाला आपला न्हाई काढायचा."

मग आम्ही फळ्यासमोर शेजारी शेजारी उभे राहिलो. मी उजवा हात वर केला. अण्णांचा हात खालीच होता, कोटाच्या आखूड बाहीतून लोंबलेला.

"अण्णा, हात. लिहिलंय तसं."

"न्हाई."

"पण पत्रात..."

"पत्र तिकडलं. हितला वसंता मी हाय. माझ्या वसंतानं न्हाई केला हात वर." पोरांच्या त्या बुटक्या बाकावर ते मटकन बसले. "कुनी इचारलं तर सांगा, तुमी हुता हजर. सुमननं केला. त्यानं न्हाई केला. आता त्याला कवा बी यायला मोकळं हाय."

मला वसंताचा असा संताप आला, की समोर असता तर दोन मुस्काटात दिल्या असत्या. आणि रडू फुटलं ते वेगळंच, मास्तर असून, माझ्याच वर्गात. मी तसाच उभा राहिलो. वर केलेला हात खाली घ्यायचं भानच राहिलं नाही.

बऱ्याच वेळानं अण्णांनी मान वर केली. आजवर मला त्यांनी कधी अरेतुरे केलं नव्हतं.

"सूनबाई," ते म्हणाले, "हात खाली घे. दुखंल."